दहा बाय बाराच्या खोलीसाठी टॉवर स्पीकर : नवख्यांसाठी निवडीचा क्रम

गाणं ऐकण्यासाठी घरात एक खोली वेगळी राखायची आणि तिथे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर आणायचे, ही इच्छा बरेच जण वर्षानुवर्षं मनात धरून असतात. पैसे जमले की गोंधळ सुरू होतो. दुकानदार एक सांगतो, परीक्षणं दुसरंच सांगतात. त्यातली पुष्कळशी परीक्षणं अमेरिका-कॅनडातल्या घरांत बसून लिहिलेली असतात. तिथे भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या. खर्जातल्या लाटांनी अशी भिंत थोडी हलते, काही लाटा आरपारही जातात, आणि खोलीतला बास आपोआप हलका होतो. आपल्याकडे विटांच्या भिंती, वरखाली आरसीसी स्लॅब, पायाखाली गुळगुळीत टाइल. बासला बाहेर जायला वाट नाही, तो खोलीतच घुमत राहतो. तिकडे ज्या स्पीकरला ‘बास जरा कमी’ म्हणून नाकं मुरडली जातात, तोच ठाण्या-पुण्याच्या फ्लॅटमध्ये भरदार वाजू शकतो. म्हणून निवडीची सुरुवात कॅटलॉगपासून नको, भिंतींपासून करा. पुढचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे.

पायरी १ : टेप घ्या आणि खोली मोजा

लांबी, रुंदी आणि उंची फुटांत लिहून घ्या. मग ५६५ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. जे उत्तर येईल तो त्या दिशेचा खोलीचा स्वतःचा सूर, हर्ट्झमध्ये. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लाट नेमकी बसते, तो सूर खोली उचलून धरते. १२ फुटांसाठी हा सूर ४७ हर्ट्झ येतो, १० फुटांसाठी ५६, साडेनऊ फूट उंचीसाठी ५९. या आकड्यांच्या दुपटीवरही तोच प्रकार घडतो, म्हणजे ९४, ११३, ११९. या सुरांवर खोलीत काही जागी आवाज फुगतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली तुम्हाला ऐकू येतं त्यावर स्पीकरपेक्षा खोलीचा ताबा जास्त असतो, हे एकदा मनाशी पक्कं केलं की बरेच खर्च टळतात.

लांबी आणि रुंदी सारखी असलेली खोली सर्वांत त्रासदायक, कारण दोन्ही दिशांचे सूर एकमेकांवर चढतात. दहा बाय दहाची खोली आणि दुसरी थोडी लांबट खोली असा पर्याय घरात असेल, तर लांबट खोली घ्या. एका बाजूने स्वयंपाकघराकडे किंवा पॅसेजकडे उघडा असलेला हॉल बासच्या बाबतीत बंद खोलीपेक्षा बरा वाजतो.

नंतर खोलीच्या मधोमध उभे राहून जोरात टाळी वाजवा. टाळीमागे तडतड असा धातूसारखा नाद उमटला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. यावर उपाय सोपे आहेत आणि ते पुढे येतीलच. पण स्पीकर घेण्याआधी ही टाळी ऐकलेली असावी.

माझा अंदाजाचा नियम असा : १२० चौरस फुटांपर्यंतच्या बंद खोलीत पाच ते साडेसहा इंची वूफरचा (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) सडपातळ टॉवर. १५० ते २५० चौरस फुटांत साडेसहा इंची दोन वूफर चालतील. आठ इंची वूफरचे मोठे टॉवर त्याहून मोठ्या हॉलसाठी ठेवा.

पायरी २ : तुम्ही काय ऐकता, ते कागदावर लिहा

इथे घाई करू नका. आपण ऐकतो त्यातलं बरंचसं संगीत किती खाली उतरतं, हे पाहिलं तर निवड एकदम सोपी होते.

काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ च्या जवळ. डग्ग्याचा मुख्य नाद साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास असतो आणि मींड घेताना, म्हणजे सूर सरकवत नेताना, वरखाली होतो. म्हणजे ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग, भावगीत यांच्यासाठी ५० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर पुरेसा आहे. उलट बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर, पियानोची सर्वांत खालची पट्टी साडेसत्तावीसवर. सिंथेसायझरवर रचलेला आजचा चित्रपट-संगीतातला बास चाळिसाच्याही खाली जातो. तुमच्या यादीत हे जास्त असेल, तर आणखी खाली उतरणारा टॉवर घेण्यात अर्थ आहे.

आता पहिल्या पायरीतले आकडे शेजारी ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीचे ९४ आणि ११३ हे सूर नेमके डग्ग्याच्या पट्ट्यात पडतात. म्हणून अशा खोलीत मोठा टॉवर आणला की तबलजीचा डावा हात एकसुरी ‘ढुम ढुम’ करू लागतो, मींड हरवते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की रेकॉर्डिंगच वाईट आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे रसिक असाल, तर आणखी एक. ७८ आरपीएमच्या तबकड्यांत अगदी खालचा खर्ज उतरलेलाच नसतो. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ही तुमची मुख्य मेजवानी असेल, तर मोठ्या वूफरवर खर्च करण्यापेक्षा मधल्या पट्टीचा आवाज स्वच्छ देणारा स्पीकर शोधा. माणसाचा गळा तिथे राहतो.

पायरी ३ : टॉवर हवाच का, हे ठरवा

टॉवरचे फायदे खरे आहेत. पेटी मोठी असल्याने तो जास्त खाली उतरतो, तेवढ्याच वॅटमध्ये बहुधा जास्त मोठा वाजतो, आणि वेगळा स्टँड लागत नाही. जमिनीवर जागा मात्र स्टँडवर ठेवायच्या छोट्या ‘बुकशेल्फ’ स्पीकरइतकीच व्यापतो. मोठ्या आवाजातही त्याला दम लागत नाही; पखवाज, ढोलकी, संबळ यांचा आघात छोट्या पेटीपेक्षा मोकळा येतो.

पण तेवढ्याच पैशांत टॉवर घेतला तर रकमेचा बराच भाग लाकूडकाम आणि जास्तीचे वूफर यांत जातो. बुकशेल्फमध्ये तोच पैसा चांगल्या ट्वीटरवर (वरचे सूर वाजवणारा छोटा घुमट) आणि क्रॉसओव्हरवर (दोघांत सूर वाटून देणारं सर्किट) पडतो. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए हा अगदी छोटा स्पीकर घडवला. बोलण्याचा आवाज तो इतका खरा देतो की आजही लोक तो शोधून घेतात. त्यामुळे बजेट अगदी तोकडं असेल आणि खोली शंभर चौरस फुटांच्या आत असेल, तर स्वस्त टॉवरपेक्षा चांगला बुकशेल्फ घ्या, असं मी सांगेन. त्याहून मोठी खोली आणि जरा सैल हात असेल, तर पुढे वाचा.

पायरी ४ : कागदावरचे आकडे

संवेदनशीलता म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच दोन वॅट होतात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरचा ९० आणि ८ ओहमच्या स्पीकरचा ८७ हे जवळपास सारखेच धरा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅट. काही कंपन्या हा आकडा खोलीत मोजून थोडा फुगवून देतात. स्वतंत्र मापन मिळालं तर त्यावर भिस्त ठेवा.

‘८ ओहमशी सुसंगत’ असं छापलं असेल, तर किमान ओहम किती ते विचारा; ओहम जितके कमी, तितका अँप्लिफायरवर भार जास्त. तो आकडा बऱ्याचदा ३ किंवा ४ निघतो, आणि होम थिएटरच्या साध्या एव्ही रिसीव्हरला तो जड जातो.

‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ या ओळीला पुढे ‘उणे-अधिक ३ डेसिबल’ असं जोडलेलं नसेल, तर ती ओळ वगळून पुढे जा.

सर्वांत कामाचा कागद म्हणजे स्पीकरच्या समोर आणि बाजूंना आवाज कसा पसरतो, त्याचा आलेख. १९८०च्या दशकात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी श्रोत्यांना स्पीकर दिसू न देता ऐकवले. नाव, किंमत, पेटीचा आकार काहीच कळत नसताना बहुतेक श्रोत्यांनी तेच स्पीकर उचलले, ज्यांचा समोरचा आवाज सपाट होता आणि बाजूंचा आवाज एकसारखा उतरत जाणारा होता. आज अशी मापं सीटीए-२०३४ या मानकाप्रमाणे छापली जातात. आपल्या खोल्या अरुंद आणि भिंती टणक, त्यामुळे बाजूला गेलेला आवाज आपल्यापर्यंत जोरात परततो. त्या आवाजाचा रंग बिघडलेला असेल, तर गायकाचा गळाही बिघडतो. म्हणून हा आलेख आपल्याला जरा जास्तच लागतो.

पेटीला पोर्ट (हवा जायला-यायला ठेवलेलं भोक) पुढे असावा की मागे, यावर फार वाद चालतो. बासच्या लाटा एवढ्या लांब असतात की पोर्टचं तोंड कुठे आहे याने भिंतीचा परिणाम फारसा बदलत नाही. मागच्या पोर्टला श्वास घ्यायला पाच-सहा इंच जागा मिळाली की झालं. पोर्ट बुजवायला स्पंजचे बोळे सोबत मिळतात का, ते मात्र बघा. छोट्या खोलीत ते मोलाचे ठरतात. बंद पेटीचा टॉवर मिळाला तर छोट्या खोलीत तो सहसा आवरलेला वाजतो, पण असे टॉवर कमी आहेत.

पायरी ५ : तुमची बैठक कशी आहे?

हा प्रश्न परदेशी लेखांत येत नाही, कारण तिथे सगळे सोफ्यावर बसलेले असतात. सोफ्यावर बसलं की कान जमिनीपासून ९० ते १०० सेंटीमीटरवर येतात आणि बहुतेक टॉवरचे ट्वीटर त्याच उंचीला असतात. आपण सतरंजी अंथरून, लोडाला टेकून बसतो, तेव्हा कान ७० ते ७५ सेंटीमीटरवर उतरतात. ट्वीटर आणि वूफर वेगवेगळ्या उंचीवर असल्याने त्यांचे आवाज एका ठरावीक कोनातच नीट जुळतात. खाली बसलं की मधल्या पट्टीत खड्डा पडू शकतो. जमिनीवर बसून ऐकणार असाल, तर दुकानातही खुर्ची सोडून खाली बसून ऐका. दुकानदाराला काय वाटेल याची फिकीर नको.

उपाय दोन. मागचे स्पाइक (तळाचे टोकदार पाय) थोडे उंच करून टॉवर किंचित पुढे झुकवायचा, अगदी एक-दोन अंश. किंवा ट्वीटर वूफरच्याच मध्यभागी बसवलेला स्पीकर घ्यायचा. टॅनॉयने ही रचना १९४७ साली बाजारात आणली, केईएफची यूनी-क्यू १९८८ची. अशा स्पीकरमध्ये वर-खाली बसल्याने रंग फार बदलत नाही, त्यामुळे भारतीय बैठकीला ते सोयीचे पडतात.

पायरी ६ : अँप्लिफायर आणि वायर

८७ डेसिबल संवेदनशीलतेचा जोड, ऐकणारा तीन मीटरवर, बंद खोली. दोन्ही स्पीकर आणि भिंतींची साथ धरली, तर ९० डेसिबलच्या उसळीला स्पीकरमागे जेमतेम पाच वॅट पुरतात. १०० डेसिबलला ४५ ते ५० लागतात. बैठकीचं गाणं घरात ऐकताना सरासरी ७० डेसिबलच्या आसपास राहते. म्हणजे खरोखरचे ५०-६० वॅट देणारा स्टीरिओ अँप्लिफायर पुष्कळ झाला. वॅट वाढवण्यापेक्षा तो ४ ओहमला स्थिर राहतो का, हे पाहा.

वायरीवर हजारो रुपये घालू नका. पाच मीटरच्या अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची लवचीक वायर पुरते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती आणि बनाना प्लग सहज मिळतात. उरलेला पैसा स्पीकरमध्ये घाला.

पायरी ७ : ऐकायला जा

सोबत स्वतःची रेकॉर्डिंग न्या. दुकानातली निवडक गाणी कुठल्याही स्पीकरवर छान वाजावीत अशीच निवडलेली असतात. मी नवख्या मित्रांना ऐकायचा पुढील क्रम सांगतो.

आधी नुसता तानपुरा. यासारखी दुसरी कसोटी मला माहीत नाही. जवारी (तारेचा झणझणता नाद) नीट लागलेली असेल, तर एकेका तारेतून स्वरांची अख्खी कमान उठते; षड्जाच्या तारेत गंधार ऐकू येतो. वाईट ट्वीटरवर ही जवारी खरखरीत होते, वाईट क्रॉसओव्हरवर ती ट्वीटरमध्ये वेगळी आणि वूफरमध्ये वेगळी अशी फाटते. चांगल्या स्पीकरवर तानपुरा एकाच जागी, एकसंध उभा असतो.

मग तबला. उजव्या हाताची चाट टोकदार यायला हवी, पण कानात टोचायला नको. डग्ग्यावरची मींड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या वजनाने सरकते का, की मधेच एखाद्या सुरावर फुगते? दुकानात फुगली तर दोष स्पीकरचाही असेल, खोलीचाही. तोच तुकडा दुसऱ्या स्पीकरवर, त्याच जागी ठेवून ऐका, म्हणजे कळेल.

मग गळा. पुरुषाचा आवाज छातीतून येतो की डब्यातून? भीमसेन जोशींसारखा भरदार आवाज बासाळ स्पीकरवर पहिल्या मिनिटाला भव्य वाटतो आणि दहाव्या मिनिटाला जड. किशोरी आमोणकरांच्या वरच्या सप्तकात आवाज पातळ होतो का? मराठी शब्दांतले ‘स’, ‘श’ आणि दंत्य ‘च’ सुट्टे ऐकू येतात का, की शिट्टी वाजते? आपल्या भाषेतल्या या वर्णांवर आपला कान फार पक्का असतो.

शेवटी एखादी मोनो रेकॉर्डिंग. दोन्ही स्पीकरमध्ये तोच आवाज असल्याने गायक अगदी मधोमध, अरुंद जागेत उभा दिसला पाहिजे. तो पसरला किंवा एकीकडे झुकला, तर जोडीतले दोन स्पीकर सारखे नाहीत, नाहीतर वायरीचा लाल-काळा उलटा लागला आहे.

दोन स्पीकर तुलनेला लावताना आवाजाची पातळी फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपने सारखी करून घ्या. नुसता एका डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकरही कानाला उजवा वाटतो, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असतं. दहा मिनिटांत निर्णय देऊ नका. एक पूर्ण विलंबित ख्याल बसून ऐका. कान थकले तर तो स्पीकर सोडा, मग त्याचा तपशील कितीही चमकदार असो. दुकान तयार असेल, तर जोड दोन दिवस घरी मागवा. अनामत द्यावी लागली तरी द्या.

पायरी ८ : पेटी, पावसाळा, घरातली माणसं

पेटीच्या बाजूला बोटाच्या पेराने टकटक करा. आवाज बुजका आला पाहिजे. पोकळ घुमला तर तोच घुमारा गाण्यात मिसळणार.

बहुतेक पेट्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) असतात आणि एमडीएफला पाणी लागलं की ते फुगतं. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. थेट टाइलवर टेकवलेला टॉवर तळाशी फुगतो आणि व्हिनियर (वरचा लाकडी पापुद्रा) सुटतं. म्हणून स्पाइक किंवा पाय लावून पेटी जमिनीपासून उचललेली हवी. स्पाइकखाली धातूच्या चकत्या ठेवा, नाहीतर टाइलला चरा पडतो. कोकणपट्टी आणि मुंबईत पेटी बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला चिकटवू नका, आणि वाळवीसाठी मागची बाजू अधूनमधून तपासा.

कोनाच्या कडेची किनार रबरची आहे का ते विचारा. फोमची किनार आपल्या हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. जुना जोड घेत असाल, तर जाळी काढून ही किनार बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन्ही हातांची बोटं कोनावर समान टेकवून हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासते आहे. त्या कंपनीचे सुटे वूफर आणि ट्वीटर भारतात मिळतात का, हे नव्या जोडीलाही विचारायचं. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांचा विचार करायला हेही एक कारण आहे.

रांगतं बाळ घरात असेल तर वीस-पंचवीस किलोच्या उंच, अरुंद टॉवरला रुंद पायाची जोड हवीच. ट्वीटरच्या घुमटावर जाळी हवी. लहान बोटांना तो घुमट फार आवडतो.

पायरी ९ : घरी आणल्यावर

दहा बाय बाराच्या खोलीत सुरुवात अशी करा. स्पीकर १० फुटांच्या भिंतीकडे, पुढचा चेहरा मागच्या भिंतीपासून अडीच फुटांवर, दोन स्पीकरमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत सहा फूट, आणि तुम्ही प्रत्येकापासून सात फुटांवर. तुमच्या पाठीमागे तीन फूट तरी मोकळे राहतील. डोकं मागच्या भिंतीला टेकवून बसू नका, तिथे बास सर्वांत फुगतो. खोलीच्या बरोबर मध्यावरही नको, तिथे तो गायब होतो.

मग एकेक गोष्ट बदला. स्पीकर मागच्या भिंतीपासून किती दूर, यावर एक खड्डा ठरतो : २८२ ला वूफर ते भिंत या अंतराच्या फुटांनी भागा. दोन फुटांना १४१ हर्ट्झ, म्हणजे काळी एकचा षड्जच. पुरुष गायकाचा सा दबल्यासारखा वाटला, तर स्पीकर अर्धा फूट मागे किंवा पुढे सरकवून परत ऐका. मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच सुरावर येतात. गळा मध्यभागी नीट उमटेपर्यंत स्पीकर आत वळवा. डग्गा अजून घुमत असेल, तर पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घालून पाहा.

टाळीच्या तडतडीसाठी : तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकरचा ट्वीटर दिसतो, त्या जागी जाड गोधडी टांगा किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट ठेवा. स्पीकर आणि बैठक यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी अंथरा. गोधडीने बास कमी होत नाही, तो स्पीकरच्या आणि तुमच्या जागेनेच आवरायचा. आणखी खोलात जायचं असेल, तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मापनाचा मायक्रोफोन घेऊन खोलीचा आलेख काढता येतो. अडीच फुटांवर काय झालं आणि तीन फुटांवर काय झालं, हे डोळ्यांनी दिसतं.

जागा पक्की झाली की स्पाइकच्या चकत्यांभोवती पेन्सिलने खूण करून ठेवा, म्हणजे झाडलोट करताना सरकलेला टॉवर परत तिथेच येतो. रिकामे खोके आणि आतलं थर्माकोल माळ्यावर ठेवा. वॉरंटीत स्पीकर पाठवायची वेळ आली, तर एवढी जड पेटी दुसऱ्या कशातही सुखरूप जात नाही.